आराम नेमका कशापासून?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई ४३ वर्षांच्या. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहतात, पंचवटीतल्या एका अनुदानित शाळेत शिकवतात. चार-पाच वर्षांपासून मांड्यांतली ताकद कमी होत गेली. आधी जिना चढताना कठडा धरावा लागायचा, मग जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवून उठायची सवय लागली. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले म्हणून पहिलं जवळजवळ वर्षभर लिव्हरची औषधं चालली. शेवटी कुणीतरी सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं. ते खूपच वाढलेलं, तीन हजारांच्या घरात निघालं. जनुकीय तपासणीत 'लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी' (खांदे आणि कंबर-मांड्यांचे स्नायू हळूहळू अशक्त करणारा जनुकीय आजार) असं निदान झालं, त्याला आता दोन वर्षं झाली.

"सासूबाई म्हणतात, स्नायू झिजतायत तर जपून वापर. भाऊ म्हणतो, वापरले नाहीत तर गंजतील, जिम लाव. त्याच्या आग्रहाने महिनाभर गेले. तिसऱ्या आठवड्यात दंड असे दुखले की फळ्यावर हात वर जाईना. सीपीके पुन्हा केलं तर पाच हजार. घाबरून सगळंच बंद केलं, सकाळचा जॉगिंग ट्रॅकसुद्धा. सहा महिने झाले, आणि उलट जास्तच अशक्त वाटतंय. मध्यंतरी शाळेचा जिना उतरताना गुडघा दुमडला आणि पडले. पूर्वी दर श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करायचे. तीन वर्षांपूर्वीच्या फेरीनंतर त्रास वाढला. ती केली नसती तर आज ही वेळ आली नसती, असं सारखं मनात येतं. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी हालचाल करू की जपू?"

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. तुमचं पत्र मुळात चार पानांचं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याच प्रश्नाचं उत्तर मनात जुळवत होते. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. 'आराम' हा शब्द तुम्ही नऊ वेळा लिहिलाय. जिम बंद, ट्रॅक बंद, मैत्रिणींबरोबरची रविवारची चक्कर बंद, सगळं आरामासाठी. पण घरातल्या पाच माणसांच्या पोळ्या कोण लाटतं, हे चार पानांत कुठेच नाही.

माझा अंदाज चुकत असेल तर सांगा, पण तुम्हीच लाटता. साडेपाचला उठून ओट्यापाशी उभं राहून पोळ्या, डबे, मग दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, दिवसातून दोन-तीनदा तो जिना, उभ्याने तास, घरी आल्यावर पुन्हा ओटा. गच्चीवर कपडे वाळत घालणंही तुमच्याच वाट्याला असावं. यातलं काहीच थांबलेलं नाही. थांबलं ते एवढंच, जे तुमच्या आवडीचं होतं. आणि तुमच्या स्नायूंना दिवसभरात सगळ्यात जास्त मानवणारंही नेमकं तेच होतं: सपाट ट्रॅकवरची सावकाश चाल.

म्हणून 'हालचाल करू की जपू' या तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न आहे. तुम्ही आराम घेताय, तो नेमका कशापासून?

आता आधी माझी एक कबुली. फिजिओथेरपीत माझी तीस वर्षं गेली, त्यातली पहिली काही वर्षं मी तुमच्या सासूबाईंचंच वाक्य बोलायचे. स्नायूंचा आजार म्हणजे जपायचं, दमायचं नाही, असंच आम्ही शिकलो होतो. अनेकांना मी खुर्चीत बसवलं. ते अर्धं चूक होतं, आणि त्या अर्ध्या चुकीची किंमत माझ्या पेशंटांनी मोजली.

त्यातले एक दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार होते. तुमच्यासारखाच आजार, पण खांद्यांत जास्त. द्राक्षाच्या मांडवाखाली छाटणी म्हणजे तासन्‌तास हात डोक्याच्या वर. ते जमेनासं झालं तेव्हा 'जपा' या माझ्या सल्ल्यावर त्यांनी शेतात जाणंच सोडलं. वर्षभर ओसरीवर बसून. वर्षानंतर आले तेव्हा खुर्चीतून उठायला दोन माणसं लागत होती. आजार इतक्या वेगाने वाढणारा नव्हता. त्यातलं बरंचसं बसण्याने गेलं होतं. मग उलट्या दिशेने सुरुवात केली. मांडव नाहीच, पण शेडमध्ये उंच स्टुलावर बसून घडातले खराब मणी काढणं, आणि बांधावरून रोज थोडी चाल. काही महिन्यांत ते एका माणसाच्या आधाराने उठायला लागले. एकट्याने उठणं मात्र परत आलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, म्हणजे मी चमत्कार विकतेय असं वाटायला नको.

तर सासूबाईंचं कुठे बरोबर आहे? या आजाराचे तीसच्या आसपास प्रकार आहेत. काहींत स्नायूपेशीच्या आवरणाला आधार देणारं प्रथिन कमी पडतं, काहींत फाटलेलं दुरुस्त करणारं. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच स्नायूंना कामाने बारीक इजा होते आणि ती भरून निघते, त्यातूनच स्नायू कमावला जातो. तुमच्या स्नायूत ती भरून निघण्याची बाजू लंगडी आहे. इजा मोठी झाली तर नुकसान राहून जातं, हळूहळू तिथे चरबी आणि तंतू भरतात. त्यामुळे 'घाम गाळ, दुखू दे, दुखलं म्हणजे वाढतंय' हे जिममधलं शास्त्र तुमच्यासाठी नाही.

आणि भावाचं कुठे बरोबर आहे? तुमच्या अशक्तपणात दोन अशक्तपणे मिसळलेले आहेत. एक आजाराचा, त्यावर आज तरी आपला फारसा ताबा नाही. दुसरा न वापरल्याचा, जो अंथरुणाला खिळलेल्या धडधाकट माणसालाही येतो. हा दुसरा बराचसा परत मिळवता येतो. सहा महिन्यांत तुम्हाला 'जास्तच अशक्त' वाटायला लागलं, ते आजाराने एकदम झेप घेतली म्हणून असेल यापेक्षा दुसऱ्या कारणाने असेल, याची शक्यता मला जास्त वाटते. तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही.

डेन्मार्कमध्ये २००७ च्या सुमारास याच आजाराच्या एका प्रकारातल्या नऊ पेशंटांवर एक छोटा अभ्यास झाला. बारा आठवडे, अर्ध्या-अर्ध्या तासाची पन्नास सत्रं, जागेवरच्या सायकलवर, मध्यम जोर लावून. त्यांचा दम वाढला, काम करण्याची ताकद वाढली, आणि स्नायूंना इजा झाल्याची चिन्हं दिसली नाहीत. नऊच माणसं, आणि एकच प्रकार. त्यामुळे यावरून मी तुम्हाला उद्या सायकलवर बसवणार नाही. पण 'हलणं म्हणजे झिजणं' या समजुतीला त्यानंतर माझ्या क्लिनिकमध्ये जागा उरली नाही.

तुमच्या हकिकतीत एक धागा आहे जो तुम्हाला दिसलेला नाही. तुम्ही पडलात ते जिना उतरताना. दंड दुखले ते डंबेल्सने. फेरीनंतर त्रास झाला, आणि तुमच्या मूळ पत्रात एक ओळ आहे की पांडवलेणीला गेल्यावर 'चढले ठीक, पण खाली आल्यावर दोन दिवस मांड्या धरून होते'. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. स्नायू लांबत असताना त्याच्यावर भार येतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त इजा होते. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचं सगळं वजन पेलत असतो. डंबेल वर नेताना नव्हे, सावकाश खाली आणताना दंड दुखावतो. आणि जिममध्ये शिकवतात की 'खाली आणताना हळू, तिथेच खरा व्यायाम आहे'. धडधाकट माणसासाठी ते खरंही आहे.

चढताना धाप लागते म्हणून आपल्याला चढणंच वाईट वाटतं. पांडवलेणीच्या दोनशेच्या आसपास पायऱ्यांत तुम्हाला दमवलं चढणीने आणि दुखवलं उतरणीने. हे एवढं कळलं की निम्मे निर्णय सोपे होतात. शाळेत लिफ्ट नसेल तर दिवसातून एकदाच चढायचं आणि एकदाच उतरायचं. उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा रिकामा. वह्यांचा गठ्ठा मुलांच्या हातात. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची पायरी, आणि खाली आधी अशक्त पाय टाकायचा.

आता सीपीके. बाई, हा आकडा दर महिन्याला करणं बंद करा. निदानापुरतं त्याचं काम झालं. धडधाकट माणूसही डोंगर उतरून आला की त्याचं सीपीके दोन-चार दिवस वाढलेलं असतं. तुम्ही जिमच्या तिसऱ्या आठवड्यात, दंड ठणकत असताना रक्त दिलंत, ते वाढलेलंच येणार होतं. आणि आजार बराच पुढे गेलेल्यांत तो आकडा खाली येतो, कारण झिजायला स्नायूच कमी उरलेला असतो. म्हणजे वाढला की वाईट आणि उतरला की चांगलं असा सरळ हिशोब तिथे नाही. एसजीओटी, एसजीपीटीचंही तसंच. ती स्नायूतूनही येतात. तुमचं वर्ष त्यात गेलं याचं मला वाईट वाटतं, पण या घोटाळ्यात सापडलेल्या तुम्ही एकट्या नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात 'लिव्हरचे आकडे वाढलेत, पण सोनोग्राफीत काही नाही, आणि जिना चढवत नाही' असं चाललं असेल, तर डॉक्टरांना एकदा सीपीकेबद्दल विचारा.

मोजायचंच असेल तर हे मोजा: शाळेच्या व्हरांड्यात टेपने दहा मीटर मोजून खडूने दोन रेघा मारा. महिन्यातून एकदा, एकाच वेळी, त्याच पादत्राणांत, नेहमीच्या चालीने किती सेकंद लागतात ते लिहा. तो आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा तुमच्या आयुष्याच्या जास्त जवळचा आहे.

ब्रह्मगिरीबद्दल. वीसेक किलोमीटरची ती फेरी तुम्ही केलीत, पाय भरून आले, त्रास दिसायला लागला. पण आजार तुमच्या जनुकांत जन्मापासून होता, आणि मांडीवर हात रोवून उठणं तर त्याआधीच सुरू झालं होतं. तुम्हीच लिहिलंय, दुसऱ्या पानावर. फेरीने आजार आणला नाही. जे होतं ते तुमच्या लक्षात आणून दिलं. त्या एका श्रावणाला आरोपी करून तुम्ही गेली तीन वर्षं स्वतःला शिक्षा करताय. वर्गातल्या पोराला इतक्या कच्च्या पुराव्यावर तुम्ही शिक्षा केली असती का?

तर काय करायचं.

सुरुवात करण्याआधी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत, त्यात घासाघीस नाही. एक हृदयाची, ईसीजी आणि टू-डी इको. या आजाराच्या काही प्रकारांत हृदयाचा स्नायूही अशक्त होतो किंवा ठोक्यांची लय बिघडते, आणि ते बरेचदा काही जाणवण्याआधीच. दुसरी श्वासाची, स्पायरोमेट्री, जमल्यास बसून आणि आडवं पडून दोन्ही. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, सपाट झोपल्यावर गुदमरणं, रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येणं, यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. श्वासाचे स्नायू हेही स्नायूच आहेत.

मग चाल. तुमचा इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक सपाट आहे, तोच धरा. नऊ टेकांवर वसलेल्या जुन्या नाशकातल्या गल्ल्या आणि रामकुंडावरच्या ओल्या पायऱ्या आपल्या कामाच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, तीही पाच-पाचच्या दोन भागांत, मध्ये बाकावर बसून. एक दिवस चालायचं, एक दिवस नाही. चालताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. अडखळलात तर वेग जास्त झाला. आणि 'अजून थोडं जमलं असतं' असं वाटतंय तिथेच थांबायचं. हे सगळ्यात अवघड आहे, माझ्या अनुभवात चालण्याहूनही. ज्यांना आयुष्यभर 'काम पुरं करून उठ' असं शिकवलेलं असतं, त्या बायकांना तर फारच.

मध्येच बसणं तुम्हाला हार वाटतं, असं पत्रातून जाणवलं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते, ती न थांबता जाते का? विसाव्याच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात. तिथे थांबलेल्या वारकऱ्याला कुणी 'दमला बघा' म्हणत नाही. तुमच्या ट्रॅकवरचा तिसरा बाक हा तुमचा विसावा. दम लागायच्या आधी तिथे बसायचं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुम्हाला निकाल सांगेल. उठल्यावर पाय आदल्या सकाळसारखेच वाटले, तर कालचं माप बरोबर होतं. तेच दोन आठवडे ठेवा, मग दोन-तीन मिनिटं वाढवा. दुखणं दुसऱ्या दिवसापुढे, म्हणजे ४८ तासांनंतरही टिकलं, किंवा रोज जमणारं एखादं काम सकाळी जमलं नाही, तर माप जास्त झालं, निम्मं करा. आणि श्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वहीत लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. फाटलेल्या स्नायूतलं रंगद्रव्य मूत्रपिंडांवर येत असतं, त्यात थांबून चालत नाही.

भावाला नाराज करू नका. जिममध्ये पाठ टेकून चालवायची सायकल असते, ती तुमच्या कामाची आहे. पेडल मारताना स्नायू आखूड होताना काम करतो, लांबताना त्याच्यावर भार जवळजवळ येत नाही. कमीत कमी जोरावर पाच मिनिटं. वजनं मात्र नाहीत. ज्या स्नायूला स्वतःच्या हातापायाचं वजनच उचलवत नाही, त्याच्यावर वरून भार टाकून तो बळकट होत नाही. ट्रेनरने 'अजून दोन, अजून दोन' म्हटलं की त्याला नमस्कार करून उतरायचं. सूर्यनमस्कारही सध्या नकोत. दंडासनातून अष्टांगात खाली येताना दंडांवर तोच लांबता भार येतो, आणि तिथून तोल गेला तर थेट तोंडावर.

पाणी हा उत्तम पर्याय आहे. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं वजन साधारण निम्मं भासतं, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. पोहता आलंच पाहिजे असं नाही, पाण्यात चालायचं. महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे, इतरही आहेत. पण आधी नुसतं बघायला जा, आणि पाणी बघण्याआधी शिडी बघा. पाण्यातून बाहेर येताना सगळं वजन एकदम परत अंगावर येतं, आणि उभ्या लोखंडी शिडीवर तुमच्यासारख्यांचे पाय तिथेच हरतात. रुंद पायऱ्या किंवा उतार असेल, सोबत कुणी असेल, तरच. डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत तर नकोच. गार पाण्यात स्नायू आखडतात.

पोटऱ्यांचा ताण रोज द्या: भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला, अर्धा मिनिट. टाचा वर उचलल्या गेल्या की चाल बिघडते आणि माणूस पडतो. तेलमालिश आवडत असेल तर खुशाल करून घ्या. बरं वाटतं. ताकद येत नाही. आणि 'स्टेम सेल'च्या नावाने कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर दागिने कपाटातच राहू द्या.

आता पुन्हा ओट्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दलच. तुमच्याकडे रोजची ताकद ठरावीक आहे. ती सकाळी सातच्या आत पोळ्यांत संपली तर चालायला, शिकवायला, मुलीशी हसायला काय उरणार? ओट्यापाशी उंच स्टूल आणा, पोळ्या बसून लाटा. निम्म्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. नाशकात आता गल्लोगल्ली ती आहेत आणि त्याने कुणाचं घर बुडालेलं नाही. पाच लिटरचा भरलेला कुकर दुसऱ्या कुणी उचलायचा. मिक्सर खालच्या कपाटातून ओट्यावर कायमचा. कपडे वाळत घालायची दोरी छातीच्या उंचीवर आणा, किंवा ते काम ज्यांचे हात वर जातात त्यांचं. वेणी घालताना कोपरं टेबलावर टेका. बसायची खुर्ची चार इंचांनी उंच करा, पायांखाली लाकडी ठोकळे कोणताही सुतार बसवून देईल. उंच जागेवरून उठायला मांड्यांना फार कमी कष्ट पडतात, आणि दिवसातून चाळीस वेळा उठणाऱ्या बाईला चाळीस वेळा ते वाचतात. कमोडलाही तसंच, वर बसवायची उंच सीट मिळते.

यातल्या कशालाच घरात कुणाचा विरोध नसेल कदाचित. त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल. सासूबाई 'जपून वापर' म्हणतायत ना? मग त्यांनाच विचारा, "काय काय जपू? यादी करूया का?" मी खोचकपणे म्हणत नाहीये. पत्रातून त्या मायाळू वाटतात, आणि पीठ मळायला त्या स्वतःहून पुढे येतील असा माझा होरा आहे.

शाळा. लपवणं हेही श्रमाचं काम आहे, बाई. दुखत असताना न लंगडण्याची ताकद कुठून येते? मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात नावानिशी आहे, २१ प्रकारांपैकी एक. ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येतं. तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या मंडळाकडे होते. ४० टक्के आणि त्यापुढच्या प्रमाणपत्रावर बऱ्याच सवलती अवलंबून असतात. त्याच कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. तळमजल्यावरचा वर्ग आणि उंच खुर्ची मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं जूनच्या वेळापत्रकात हरवतं.

काठीबद्दल तुम्ही लिहिलंत, 'अजून तेवढी वेळ आलेली नाही'. गुडघा न सांगता दुमडतोय, म्हणजे आलीय. ट्रेकवाले वापरतात तो घडीचा पोल घ्या. बघणाऱ्याला वाटेल बाई हरिहर गडावर निघाल्यात. पायात चपला नकोत, मागे पट्टा असलेलं काहीतरी हवं. फोन पर्समध्ये ठेवू नका, अंगावर ठेवा, पडल्यावर पर्स नेमकी हाताला लागत नाही. आणि पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या, आजाराचं नाव लिहिलेली. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं, या आजारात भुलेची काही औषधं चालत नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी कुणी स्टॅटिन लिहून दिलं तरी ती चिठ्ठी आधी दाखवा.

लेकीलाही हे होईल का, ही तुमची शेवटच्या पानावरची ओळ मी विसरलेले नाही. आजाराच्या बहुतेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच मुलाला आजार होतो, पण सगळ्यांत नाही. तुमच्या अहवालात प्रकार लिहिलेला असेल; तो घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे आधी तुम्ही दोघं जा. तिचं रक्त काढायची घाई नको. तिला आज कसलाही त्रास नाही.

यंदाच्या श्रावणात फेरी करू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं होतं. पूर्ण फेरी नको. तिसऱ्या सोमवारची गर्दी, रात्रीचा अंधार, पावसाने निसरडी वाट आणि उतार, तुमच्या आजाराला नको असलेलं सगळं तिथे एकत्र आहे. पण त्र्यंबकला जायला कोण अडवतंय? गर्दीचा सोमवार सोडून एखाद्या साध्या वारी जा, कुशावर्तापर्यंत गाडी, पुढे सपाटीवर झेपेल तितकं, पोल हातात, मैत्रीण सोबत. ब्रह्मगिरी खालूनही दिसतो. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी पाय काय म्हणतात, ते वहीत लिहा.

ती वही पंधरा दिवसांनी मला पाठवा. फोटो काढून पाठवलात तरी चालेल. तीन रकाने पुरेत: काल काय केलं, आज सकाळी कसं वाटलं, आणि पोळ्या कुणी लाटल्या.